साखर घराण्यात असली तरी

“आमच्या घराण्यातच साखर आहे,” असं म्हणत पेढा उचलणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. टाइप २ मधुमेह एकाच जनुकामुळे होत नाही. शेकडो बारीकसारीक जनुकीय फरक त्यात आपापली भर घालतात. त्यांतला ठळक फरक ‘टीसीएफ७एल२’ या जनुकातला. आइसलँडमधल्या संशोधकांनी तो २००६ मध्ये दाखवून दिला. आई किंवा वडील, एकाकडून तो आला तर धोका सुमारे १.४ पट होतो. दोघांकडून आला तर दुपटीच्या आसपास. या फरकामुळे जेवणानंतर स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडण्यात कमी पडतात.

इन्सुलिन रोधाची गोष्ट वेगळी. तिथे इन्सुलिन असतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. पोटातली चरबी हे त्याचं मोठं कारण. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३, मात्र शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! म्हणजे आकडा सारखाच, पण आतला ऐवज निराळा.

मग नशिबाला बोल लावायचा का? नाही. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि थोडी वजनघट यांनी मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. टीसीएफ७एल२ जनुकाच्या दोन्ही प्रती जोखमीच्या असलेल्यांनाही त्याचा फायदा झाला.