रक्ताच्या थेंबातून खेळाडूच्या दमाचे मोजमाप. वाराणसीच्या उन्हात मात्र आकडा जपून वाचावा लागतो

वाराणसी : आखाड्यातील वस्ताद शागिर्दाचा श्वास आणि चेहरा पाहून त्याचा दम किती उरला आहे, याचा अंदाज बांधतात. त्याच दमाला आकडा देण्याचे काम तळहातावर मावणारा लॅक्टेट मापक करतो. मोहम्मद शाहिद आणि ललित उपाध्याय यांच्यासारखे ऑलिम्पिक पदकविजेते हॉकीपटू घडविणाऱ्या व कुस्तीची जुनी परंपरा जपणाऱ्या या शहरात या साधनाचा उपयोग उघड आहे. त्याच्या मर्यादाही येथेच ठळकपणे जाणवतात.

स्नायूंमध्ये ग्लुकोजचे विघटन वेगाने होऊ लागले की लॅक्टेट तयार होते. हा शरीरातील कचरा आहे, ही समजूत मागे पडली आहे. हृदय आणि इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून वापर करतात, तर यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते, त्याचा दोषही लॅक्टेटला देता येत नाही. ते साधारण तासाभरात मूळ पातळीजवळ येते.

विश्रांतीच्या वेळी रक्तात लॅक्टेट प्रति लिटर सुमारे १ मिलीमोल असते. चाचणीत धावण्याचा वेग दर तीन ते पाच मिनिटांनी वाढविला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर बोटातून किंवा कानाच्या पाळीतून थेंब घेतला जातो. पट्टीवरील विकराची लॅक्टेटशी अभिक्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि १० ते १५ सेकंदांत आकडा दिसतो. एका विशिष्ट वेगापुढे लॅक्टेटची निर्मिती त्याच्या वापरापेक्षा जास्त होते व आलेख झपाट्याने चढतो. दीर्घ सरावाचा वेग ठरविण्यासाठी हा उंबरठा महत्त्वाचा असतो. नॉर्वेचा ऑलिम्पिक विजेता धावपटू याकोब इंगेब्रिग्त्सन याच्या सरावपद्धतीमुळे अशा चाचण्यांची चर्चा जगभर वाढली.

हा उंबरठा सरसकट ४ मिलीमोल धरण्याची सवय मात्र घातक ठरू शकते. जर्मन संशोधकांनी १९७० च्या दशकात रूढ केलेला हा आकडा सरासरीचा आहे. कोणाचा तोल ३ वरच सुटतो, तर कोणी ५ च्या पुढेही टिकून राहतो. पहिल्याला ४ च्या वेगाने रोज पळविले, तर तो सुधारण्याऐवजी थकत जातो.

कुस्तीचे गणित आणखी वेगळे आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांनंतर पातळी अनेकदा १० मिलीमोलच्या वर जाते. तिचा उच्चांक लढत संपल्यावर काही मिनिटांनी येतो. शिट्टी वाजताच घेतलेला एकच थेंब त्यामुळे अपुरा ठरतो.

मे महिन्यात वाराणसीचा पारा अनेकदा ४० अंशांच्या पुढे जातो. बऱ्याच मापकांची तापमानमर्यादा याच सुमारास संपते आणि उन्हात राहिलेल्या पट्ट्या खराब होतात. उष्णतेमुळे त्याच वेगाला शरीरातील लॅक्टेटही अधिक वाढते. घाम हा तर मोठाच अडथळा आहे. घामात लॅक्टेटचे प्रमाण भरपूर असल्याने त्याचा अंश मिसळला तरी आकडा फुगतो. म्हणूनच त्वचा धुऊन कोरडी करणे आणि पहिला थेंब पुसून दुसरा घेणे आवश्यक असते.

उलट दिशेनेही फसगत होते. उपवासामुळे किंवा आदल्या दिवशीच्या कठोर सरावामुळे स्नायूंतील साखरेचा साठा संपला असेल, तर लॅक्टेट कमी दिसते. प्रशिक्षकाला प्रगती झाल्याचे वाटते. प्रत्यक्षात खेळाडू रिकाम्या पोटी झिजत असतो.

मापक एकदाच घ्यावा लागतो, पण पट्टी प्रत्येक थेंबाला नवी लागते. छोट्या आखाड्यांना हाच खर्च जड जातो. सुईच्या बाबतीत मात्र काटकसर करता येत नाही : एकच सुई अनेकांना वापरल्यास कावीळ-ब सारखा संसर्ग पसरू शकतो. दोन चाचण्यांची तुलना करायची असल्यास मापक, रक्त घेण्याची जागा, आहार आणि वेळ सारखी ठेवावी लागते. वाराणसीच्या उन्हाळ्यात ती वेळ पहाटेचीच असणे सोयीचे.