विश्लेषण : घरातल्या एसीतील गॅस जागतिक कराराचा विषय कसा? ‘किगाली दुरुस्ती’ काय आहे?

हवामान बदलाचा करार म्हटले की पॅरिसचे नाव पुढे येते. मात्र, एसी आणि फ्रिजमधील गॅसबाबतचा एक करार तुलनेने कमी गाजावाजा होऊनही अधिक काटेकोर मानला जातो. भारताला त्यानुसार २०२८ पासून या वायूंच्या वापरावर मर्यादा पाळायची आहे.

हा करार नेमका काय?

ओझोनच्या थराला विरळ करणाऱ्या सीएफसी वायूंना आळा घालण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. सीएफसी आणि त्यानंतरच्या एचसीएफसी वायूंना पर्याय म्हणून एचएफसी वायू आले. ते ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता प्रचंड प्रमाणात अडवतात. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातील किगाली येथे मूळ करारात दुरुस्ती करून एचएफसीही त्याच्या कक्षेत आणले गेले. ही दुरुस्ती १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली.

एवढ्याशा गॅसने किती फरक पडतो?

एसीत वापरला जाणारा आर-४१०ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट तापमानवाढ घडवतो. म्हणजे एक किलो गॅस हवेत सुटला, तर सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळण्याइतका परिणाम होतो. अलीकडच्या अनेक एसींमध्ये असलेल्या आर-३२ साठी हा आकडा ६७५ आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेनसाठी अवघा ३ च्या आसपास. किगाली दुरुस्ती पूर्णपणे अमलात आली, तर शतकाअखेरीपर्यंत ०.५ अंश सेल्सिअसपर्यंतची तापमानवाढ टळू शकते, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

भारताचे वेळापत्रक काय?

सर्व देशांना एकच मुदत नाही. विकसित देशांनी २०१९ पासून कपात सुरू केली. त्यांना २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांचा टप्पा गाठायचा आहे. चीनची मर्यादा २०२४ पासून लागू झाली. भारताची मर्यादा २०२४ ते २०२६ या वर्षांतील सरासरी वापरावरून ठरते. त्यात एचसीएफसीच्या पायाभूत आकड्याचा ६५ टक्के भाग मिळवला जातो. २०२८ मध्ये वापर या पातळीवर गोठेल. पुढे २०३२ मध्ये १०, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ मध्ये ८५ टक्के कपात करायची आहे.

पॅरिस करारापेक्षा वेगळे काय?

पॅरिस करारात प्रत्येक देश आपले उद्दिष्ट स्वतः ठरवतो. ते गाठले नाही तरी दंड नाही. अमेरिकेने २०१७ आणि २०२५ असे दोनदा त्यातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. मॉन्ट्रियल करारात मात्र कपातीचे आकडे बंधनकारक आहेत, सदस्य नसलेल्या देशांशी या वायूंच्या व्यापारावर निर्बंध आहेत आणि विकसनशील देशांना तंत्रज्ञान बदलण्यासाठी बहुपक्षीय निधी मिळतो. परिणामही दिसतो : सध्याची धोरणे कायम राहिल्यास अंटार्क्टिकावरील ओझोन थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असे संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने झालेले मूल्यमापन सांगते.

ग्राहकांवर काय परिणाम?

घरातला एसी बेकायदा ठरणार नाही. करार गॅसचे उत्पादन आणि वापर कमी करतो, जुन्या यंत्रांवर बंदी घालत नाही. मात्र, पुरवठा आटत जाईल तसा जुन्या यंत्रांत गॅस भरणे महागू शकते. खरी अडचण दुरुस्तीची आहे. आर-३२ काही प्रमाणात, तर प्रोपेन सहज पेट घेणारा वायू आहे. तो हाताळण्याचे प्रशिक्षण आणि जुना गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत भरून घेण्याची यंत्रे गल्लीतल्या मेकॅनिकपर्यंत पोहोचली नाहीत, तर करारातील कपात कागदावर दिसेल आणि गॅस मात्र हवेत जात राहील.