खुर्ची कोणाची आणि प्रश्न कोणाचा?

कायदेमंडळाची गोष्ट निघाली की सभासद किती, हे आपल्याकडे प्रथम विचारले जाते. आमच्या मते त्याआधी दोन गोष्टी विचारावयास हव्यात. सभासदांस तेथे बसविले कोणी, आणि बसल्यावर त्यांस काय विचारण्याची मुभा आहे? मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास हा या दोन प्रश्नांचाच इतिहास होय.

१८६१ च्या कायद्यान्वये १८६२ मध्ये हे कौन्सिल बसले. अध्यक्ष खुद्द गव्हर्नर, आणि चार ते आठ जादा सभासद नेमावयाचे तेही त्यांनीच. नाना शंकरशेट त्यात होते. पुढे मंडलिक, तेलंग, रानडे, दादाभाई आले. माणसे थोर होती; पण समोर आलेल्या विधेयकावर बोलावे, यापलीकडे त्यांस अधिकार नव्हता. कारभाराविषयी साधा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, की जमाखर्चाची चर्चा नव्हती.

त्याच साम्राज्यात, कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, १८६७ मध्ये ८२ सभासद मतदारांनी निवडून दिले. मतदार केवळ पुरुष व मालमत्ताधारी होते, हे खरे. तरीही मुख्य प्रधान जॉन सँडफिल्ड मॅक्डोनल्ड यांचा अधिकार सभेच्या बहुमतावर टिकून होता, आणि सभापती जॉन स्टीव्हनसन यांस सभासदांनीच निवडले होते. राणी एकच, पार्लमेंटही एकच. मग तेथे दिले ते येथे का नाही? योग्यतेची सबब सांगावी, तर तेलंग-रानड्यांची योग्यता कोणाहून उणी होती?

१८९२ च्या कायद्याने दार किंचित किलकिले झाले. म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डे आदी संस्थांनी नावे सुचवावीत, नेमणूक मात्र सरकारने करावी. प्रश्न विचारावा, पण उपप्रश्न विचारू नये. अंदाजपत्रकावर बोलावे, पण मत देऊ नये, असा तो मासला होता. तेवढ्या फटीतूनही आमच्या पुढाऱ्यांनी काम केले. मध्य विभागातील लोकल बोर्डांतर्फे टिळक १८९५ मध्ये निवडून आले. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या दुरुस्ती विधेयकावर सरकारी मताधिक्यापुढे युक्तिवाद चालेना, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले. नारायण चंदावरकर हे बिनसरकारी अध्यक्ष त्या खुर्चीवर बसावयास १९२१ साल उजाडले!

पावसाळ्यात गव्हर्नर पुण्यास येत आणि येथील कौन्सिल हॉलात बैठकी भरत. बिबवेवाडी तेव्हा शहराबाहेरचे खेडे. तेथील शेतकऱ्याच्या साऱ्याचे कायदे तेथून जवळच घडत, पण त्याचे मत कोणी विचारीत नसे. आज बिबवेवाडी शहरात आली आहे, आणि येथील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत आहे. तथापि मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. कर वसूल होतच होते; जाब विचारणारा निवडलेला सभासद तेवढा नव्हता. नेमलेल्या अधिकाऱ्याने कारभार उत्तम केला, असे मानले तरी त्यास प्रश्न विचारणार कोण? १८६२ च्या कौन्सिलाचे दुखणे नेमके हेच होते.

म्हणून येथील रहिवाशांस व शेजारच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांस आमची सूचना आहे. मते मागावयास येणाऱ्या विद्यमान सभासदाकडे त्याने सभागृहात विचारलेल्या प्रश्नांची यादी मागावी. पाणी, रस्ते, कचरा यांविषयी त्याने लेखी काय विचारले आणि उत्तर काय मिळाले, हे वाचून पाहावे. टिळक-गोखल्यांस जो उपप्रश्न विचारता येत नव्हता, तो आपल्या सभासदास विचारता येतो. तो हक्क त्याने वापरला नाही, तर पुढील वेळी मत देताना त्याचा हिशेब अवश्य करावा.