लावणे आणि लागणे

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी माणसाचा आत्मविश्वास जेथे हमखास डळमळतो, ते स्थळ म्हणजे त्या भाषेतील शेपटीवाली क्रियापदे होत. 'पुट' हा ओळखीचा शब्द आला म्हणून हायसे वाटावे, तोच त्याच्या पाठीशी 'अप', 'ऑफ' किंवा 'आउट' येऊन उभे राहते आणि ठेवण्याच्या त्या निरुपद्रवी क्रियेतून पाहुण्यास घरी उतरवून घेणे, काम पुढे ढकलणे, दिवा विझवणे असे परस्परांशी सोयरसुतक नसलेले अर्थ प्रकट होतात. परकीयांची ही अडचण डॉ. सॅम्युअल जॉन्सन याने आपल्या १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेतच मान्य केली होती. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा मात्र लोगन पिअर्सल स्मिथ याच्या १९२५च्या ग्रंथामुळे रूढ झाली.

आमच्या 'लागणे'चा पसारा याहून लहान नाही. भूक लागते, ठेच लागते, दिवे लागतात, कोर्टाचा निकाल लागतो. दूध पातेल्याच्या बुडाशी लागते. विहिरीला पाणी लागले तर पेढे वाटतात आणि परगावचे पाणी लागले तर वैद्य गाठतात. 'तो तुमचा कोण लागतो?' यात नाते, 'तुमचे शंभर रुपये लागतो' यात कर्ज, 'जावे लागते' यात सक्ती, तर 'जाऊ लागतो' यात आरंभ. इंग्रज क्रियापदाच्या मागची अव्यये बदलतो, आपण पुढची नामे बदलतो.

व्युत्पत्तीचे थोडक्यात आटोपतो. संस्कृत 'लग्' म्हणजे चिकटणे. त्याचे प्राकृत 'लग्ग', आणि त्यावरून आपले 'लागणे'. 'लग्न' हा शब्दही त्याच धातूचा, तेव्हा 'लग्न लागले' या दोन शब्दांत एकच धातू दोनदा आला आहे. मोल्सवर्थ (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) जिज्ञासूंनी चाळावेत.

माझा जीव रमतो तो खानदेशात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, आणि त्यांचा मराठी धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली १९३७ साली त्याच धुळ्याहून प्रसिद्ध झाला. मंडळाच्या वास्तूत गेलो की जुन्या दप्तरांपेक्षा माझे चित्त त्या कोशाकडेच धावते. राजवाड्यांची दृष्टी धातूच्या उगमाकडे. माझे कुतूहल मात्र तो धातू आज कोणाच्या तोंडी काय करतो याचे, आणि त्यासाठी मंडळातून निघून मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात त्या शहराच्या बसस्थानकावर बसणे मला अधिक फलदायी वाटते. 'नाशिकची गाडी लागली का?' म्हणून एक गृहस्थ चौकशी करीत होते, आणि शेजारची म्हातारी हातातले लिंबू हुंगत सुनेला अहिराणीत सांगत होती, 'माले गाडी लागस.' एक गाडी फलाटाला लागलेली, दुसरी पोटाला. दोघांपैकी कोणासही कोश उघडावा लागला नाही.

पण 'लागणे'चे खरे राज्य जळगाव जिल्ह्यात, रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या पट्ट्यात. जून–जुलैत लावलेली ती मृगबाग, ऑक्टोबर–नोव्हेंबरातली ती कांदेबाग. आणि या लागवडीस शेतकरी 'लागण' म्हणतो. पुढे पानांवर करपा दिसला की तोच शेतकरी तोच शब्द उच्चारतो : करप्याची लागण झाली. महसुलाच्या दप्तरातही 'लागवडीखालील क्षेत्र' म्हणून हाच धातू अंमल गाजवतो. एका बागाइतदारांस मी या दुहेरी अर्थाबद्दल छेडले, तेव्हा ते म्हणाले, 'लावतो आपण भाऊ, लागणं आपल्या हाती थोडंच आहे!'

व्याकरणाच्या तासाला मला जे कोणी सांगितले नव्हते, ते या उत्तरात होते. केळी लावणारा 'मी' वाक्याचा कर्ता असतो. भूक, ऊन, वेड किंवा गाडी लागते तेव्हा तो 'मला' होऊन बाजूला सरतो, आणि अहिराणीत 'माले भूक लागनी' म्हणताना कर्तेपण भुकेकडे जाते. कंद, खत आणि पाण्याची पाळी यांचा हिशोब 'लावणे'त येतो. मे महिन्याचे ऊन, करपा आणि बाजारात लागणारा भाव हे सर्व 'लागणे'त. इंग्रजी शेपट्या पाठ करण्यात उमेदीची वर्षे गेली त्याचा मला खेद नाही. परंतु यापुढे जो कोणी मराठी क्रियापदांचा कोश रचील, त्याने अर्थांना नुसते क्रमांक देऊन न थांबता लावणे आणि लागणे ही जोडी एकाच नोंदीत, समोरासमोर मांडावी आणि कर्ता कोठे 'मी' राहतो व कोठे 'मला' होतो ते प्रत्येक अर्थापुढे लिहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.