कशाचे पाच एमएल?

पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या पट्ट्यातल्या पुष्कळ मुली बारावीनंतर नर्सिंगची वाट धरतात. आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, मुली आजीपाशी राहून शिकतात आणि पुढे कुणी एएनएमला, कुणी जीएनएमला जाते. मीही त्याच वाटेने आले. सुई टोचायची भीती लवकर मोडते. डोस काढायची भीती मात्र रेंगाळते, आणि ती थोडी राहिलेलीच बरी.

गणित तसं शाळेतल्या त्रैराशिकाचंच. हवा तो डोस भागिले औषधाची ताकद, गुणिले ती ताकद जेवढ्या द्रवात आहे तेवढे एमएल. घोटाळा होतो तो एककांत आणि लेबलात.

तापाने फणफणलेलं आठ किलोचं मूल समोर आहे असं धरा. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 120 मिलिग्रॅम. इथवर वर्गातली प्रत्येक मुलगी पोचते. मग टेबलावर तीन बाटल्या येतात. एका सिरपच्या 5 एमएलमध्ये 125 मिलिग्रॅम, दुसऱ्याच्या 5 एमएलमध्ये 250, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत 1 एमएलमध्येच 100. औषध एकच, पण त्याच मुलाला पहिल्यातून 4.8 एमएल, दुसऱ्यातून 2.4 आणि तिसऱ्यातून फक्त 1.2 द्यायचं. "मॅडम, पाच एमएल," असं कुणी घाईने म्हटलं की मॅडम विचारायच्या, "कशाचे पाच एमएल?" थेंबांच्या बाटलीतले पाच एमएल म्हणजे 500 मिलिग्रॅम, हव्या त्या डोसच्या चौपटीहून जास्त.

इन्सुलिनला तर कुपीबरोबर सिरिंजही वाचावी लागते. आपल्याकडच्या नेहमीच्या कुपीत 1 एमएलला 40 युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटवाल्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. 100चं इन्सुलिन 40च्या सिरिंजमध्ये 20च्या रेषेपर्यंत ओढलं, तर रुग्णाला 20 नाही, 50 युनिट जातात. एवढ्याने साखर धोकादायक उतरते.

सलाईनचं गणित कागदावर संपत नाही. 500 एमएल चार तासांत द्यायचं आणि सेटचे 20 थेंब म्हणजे एक एमएल, तर 500 गुणिले 20 भागिले 240, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. मग सेटचं चाक अंगठ्याने हळूहळू फिरवायचं, एक डोळा घड्याळाच्या सेकंदकाट्यावर आणि एक थेंबावर. पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब पडले की जमलं. रुग्णाने कोपर दुमडलं की वेग बदलतो, म्हणून थोड्या वेळाने परत मोजायचे. लहान मुलांच्या सेटचे 60 थेंब म्हणजे एक एमएल. तिथे तासाला जितके एमएल, तितकेच मिनिटाला थेंब.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात विंचू आणि साप नेहमीचेच. विंचूदंशावर प्राझोसिन किती उपयोगी आहे, हे मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला रुग्ण तपासून जगाला दाखवलं. त्याचा डोस किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या मुलाला 300 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.3 मिलिग्रॅम. हेच कुणी नुसतं .3 लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, तर वाचणारी 3 मिलिग्रॅम देईल, दहापट. म्हणून टिंबाआधी शून्य लिहायचंच, आणि पूर्ण आकड्यापुढे टिंब देऊन शून्य लिहायचं नाही. सर्पदंशाच्या लसीचं मात्र उलटं. चावणारा साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही, त्यामुळे लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते. किलोचा हिशेब कुठे लावायचा नाही, हेही शिकावं लागतं.

आता नव्या मुलींना मी तीन गोष्टी सांगते. गणिताआधी अंदाज बांधा. एका इंजेक्शनसाठी पाच-सहा अँप्युल फोडायची वेळ आली, तर थांबा आणि विचारा. जोखमीच्या औषधाचा डोस दुसऱ्या सिस्टरकडूनही काढून घ्या, पण आपलं उत्तर तिला आधी सांगू नका, नाहीतर ती नुसती मान डोलावते. आणि रात्रपाळीला कितीही गर्दी असो, तोंडी हिशेब करू नका, कागदावर मांडा.

वाचकांनाही एक विनंती. मूल तापाने फणफणलेलं असताना सिस्टर आधी त्याला काट्यावर ठेवते, तेव्हा आजीचा जीव वरखाली होतो. "बाई, आदी सुई दे, वजन कशाला करती?" असं ती म्हणते. पण त्या वजनावरच पुढचा प्रत्येक थेंब ठरतो. दवाखान्यात येताना घरी दिलेल्या औषधाची बाटली सोबत आणा, शेवटचा डोस किती वाजता दिला ते सांगा, आणि सिरप घरच्या चमच्याने न देता बाटलीसोबतच्या खुणा असलेल्या टोपणाने मोजून द्या.