मासा रंगतो उजेडात

दुकानात माणकासारखा चमकणारा मासा घरच्या टाकीत फिका का दिसतो? प्रवासाचा शीण उतरूनही रंग परतला नाही, तर आधी दिव्याकडे पाहावे.

माशाचा लाल-पिवळा रंग कातडीतल्या रंगद्रव्याचा असतो. तो खुलायला दिव्याच्या प्रकाशातच लाल छटा हवी. निऑन टेट्राची निळी रेघ मात्र पेशींतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाची. म्हणून दिवा झाकणाच्या पुढच्या कडेला लावावा, म्हणजे माशावरून परतलेला प्रकाश पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. साधारण 6500 केल्विनचा पांढरा एलईडी घरगुती टाकीला पुरतो. तळाशी गडद वाळू पसरावी. पांढऱ्या खड्यांवर मासा स्वतःच फिका पडतो.

रेणापूर-लातूरकडे मात्र प्रश्न रंगापाशी संपत नाही. उजेड जास्त झाला की शेवाळ माजते. शेवाळ माजले की टाकी घासणे आणि पाणी बदलणे आले. एप्रिल 2016 मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या मुलुखाने ते दिवस पाहिले, तिथे हौसेलाही पाण्याचा हिशेब हवा. दिवा दिवसाकाठी आठ तास पुरे. टाकी उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवावी. थोडेच पाणी बदलावे आणि काढलेले पाणी मोरीत न ओतता कुंड्यांना घालावे.

शिवाय माशाला पापण्या नसतात. दिवा मालवल्याशिवाय त्याची रात्र होत नाही. अंधारात निऑन टेट्राचा रंग उतरतो, तेव्हा घाबरू नये. उजाडल्यावर तो पुन्हा रंगतो.