तुर्फान : रखरखाटातला द्राक्षमांडव

लानचौहून उरुम्चीकडे जाताना तासन्‌तास गोबीचं करडं माळरान बघून डोळे शिणतात. अशा वेळी सरळ तुर्फानला उतरावं. तिकीट मात्र ‘तुर्फान उत्तर’ स्थानकाचं काढावं. जुनं स्थानक गावापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे.

खरं तर विसाव्यासाठी कुणी निवडू नये असंच हे ठिकाण. शिनजियांगमधल्या या खोलगटातलं आयडिंग सरोवर समुद्रसपाटीखाली 154 मीटरवर, पाऊस वर्षाला जेमतेम 16 मिलिमीटर, आणि जुलैत पारा चाळिशीच्या पार. तरी गावात शिरलं की वाटांवर द्राक्षवेलींचे मांडव आणि कडेनं झुळझुळते पाट. हे पाणी थिएनशान पर्वताचं बर्फ वितळून आलेलं. उघड्यावरून आणलं तर वाटेतच आटेल, म्हणून जमिनीखालून बोगदे खणलेले. पंप नाही, नुसत्या उतारावर पाणी गावापर्यंत येतं. यांना कारेझ म्हणतात. माळावर ओळीनं मातीचे उंचवटे दिसतात, ती या बोगद्यांच्या विहिरींची तोंडं. गाळ काढायला माणसं तिथूनच आत उतरतात. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर पाहिलेल्या माणसाला यात ओळखीचं बरंच सापडेल.

या पाण्यावरच बिनबियांची द्राक्षं पिकतात. मनुका वाळवायच्या खोल्या विटांच्या, चारी भिंतींना भोकंच भोकं. गरम वारा आरपार जातो, ऊन आत येत नाही. म्हणून मनुका काळी न पडता हिरवी राहते. दुपारी मांडवाखाली ताटलीभर मनुका, नान आणि चहा घेऊन बसावं. दुसरं काही करण्यासारखं ऊन नसतंच.

पाहुण्याला थांबवून घेण्यात हा मुलूख जुनाच तरबेज. इ.स. 630च्या सुमारास भारताकडे निघालेल्या ह्युएनत्संगाला जवळच्या गाओछांगच्या राजानं सोडायलाच नकार दिला. भिक्षूनं अन्नपाणी टाकलं, तेव्हा राजा नरमला. परतताना तीन वर्षं राहायचं वचन घेऊन, वाटेतल्या राजांना पत्रं देऊन त्यानं निरोप दिला. पुढे हा प्रवासी पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आला. परतेपर्यंत मात्र राजा गेला होता आणि 640मध्ये राज्यही तांग सैन्यानं घेतलं होतं.

सकाळी लवकर उठून ज्याओहं बघावं. दोन नदीपात्रांमधल्या पठारावर माती कोरून बनवलेलं हे अख्खं शहर आता ओस आहे. संध्याकाळी 44 मीटर उंच एमिन मनोरा. 1778चं त्याचं वीटकाम तिरप्या उन्हात उठून दिसतं. ज्वालापर्वताला तिकीट काढून जाण्याची गरज नाही, तो गाडीच्या काचेतूनही छान दिसतो.